डावा गाल

“हा दगड कायले?” मी विचारलं.

“धार लावाले,” यवतमाळचा कटलरीवाला म्हणाला. “वस्तरा, दगड, चामड्याचा पट्टा, ब्रश, वाटी, तुरटी. पयल्यांदाच घेऊन राह्यले ना? मंग एवढं लागतेच.”

लागतेच म्हणे! नव्या कोऱ्या वस्तऱ्याला कसली धार लावायची? मी जिनात कापसाचे बोजे वाहणारा हमाल असेन, खुळा नाही. दगडच पाहिजे तर आमच्या नाल्यात काय कमी पडलेत? आणि पट्टा कशाला, वस्तऱ्याला फटके द्यायला? मी दगड आणि पट्टा बाजूला सारले, बाकीचं बांधून घेतलं.

“गाव कोणतं?” त्यानं पुडी बांधता बांधता विचारलं.

आला का मुद्द्यावर! “कळंब,” मी ठोकून दिलं. मी राळेगावकडचा. पण गावामागून आडनाव विचारतात, आणि आडनावामागून काय येतं ते मला पाठ आहे.

मी संशयी आहे, असं माझी बायको पंचफुला चारचौघांत सांगते. असेन. आमच्या गावचा न्हावी म्हशी भादरायचा, पण वस्तीतल्या एकाच्याही तोंडाला त्यानं कधी हात लावला नाही. आमच्या दाढ्या आमच्यातलाच डोमाजी करायचा. तो माघात वारला, आणि त्याचा वस्तरा तर त्याच्याआधीच गंजला होता. येत्या रविवारी माझ्या सत्यभामेचं लग्न होतं. धम्म घेतल्यानंतरचं आमच्या घरातलं पहिलं. आणि माझा बाप उकंडा, पंचाहत्तरीचा म्हातारा, दोन महिन्यांची दाढी घेऊन बसला होता.

“नातीच्या लग्नात मी असा भिकाऱ्यावानी बसणार नाही, नागो,” तो म्हणाला होता. “दाढी नाही झाली तं मी कोठ्यात बसतो, बैलापाशी.” बाप बोलला की बोलला. तो खरंच बसला असता.

घरी आल्यावर पहिला हात मी स्वतःवरच चालवला. साबण फासला, वस्तरा ओढला. केस जागचे हलले नाहीत, कातडं मात्र निघालं. पंचफुला तुरटी घेऊन धावली.

“भंगार मारलं गळ्यात!” मी ओरडलो. “ओळखलं त्यानं मले. म्हणूनच असा देल्ला.”

“पण तुमी तं कळंब सांगतलं ना?”

“तोंडावर लिहिलं असते का काय, कोणाले माहीत!”

शुक्रवारी कामाचा खाडा करून मोटारीनं पुन्हा यवतमाळ गाठलं. दुकानासमोर मी आवाज चढवला. कटलरीवाला काही बोलायच्या आत, दुकानाच्या ओट्यालगत खुर्ची-आरसा मांडून बसलेल्या म्हाताऱ्या न्हाव्यानं वस्तरा माझ्या हातातून घेतला. नानाजी त्याचं नाव. त्यानं अंगठ्याच्या नखावर पातं टेकवलं आणि हसला.

“अहो, याले धार कुठं आहे अजून? नवा वस्तरा दगडावर घातल्याबिगर चालत नसते. दगड नाही घेतला काय?”

कटलरीवाला माझ्याकडे बघत राहिला. मी रस्त्यावरची सायकल बघू लागलो.

तरी माझा विश्वास नव्हता. म्हातारा दगडावर पाणी शिंपडून पातं फिरवत होता आणि मी त्याच्या बोटांवर डोळा ठेवून होतो. न जाणो, बदलून टाकायचा. मग पट्ट्यावर सपासप झालं. मग त्यानं स्वतःच्या मनगटावर पातं फिरवलं, केस गळून पडले.

“बसा खुर्चीवर. हे सांगून नाही येत, गालावरच दाखवा लागते.”

मी बसलो. त्याच्या ओल्या बोटांनी माझ्या डाव्या गालाची कातडी ताणली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा न्हाव्याचं बोट माझ्या तोंडाला लागलं होतं.

“पातं निजवून धरा. केसाच्या लागानं, जिकडं केस वळते तिकडं फिरवा. घाई कायची हाये?” तो सांगत होता. डावा गाल कधी झाला ते कळलंही नाही. वस्तरा गळ्यापाशी आला तेव्हा त्यानं विचारलं, “गाव कोणतं म्हणाले?”

कळंब जिभेवरच होतं. पण हा माणूस मला जीव लावून शिकवत होता, आणि लपूनछपून शिकलेल्या हातानं मला बापाची दाढी करायची नव्हती. स्वतःची लाज वाटली, त्या लाजेचा रागही आला.

“राळेगावकडचा,” मी म्हणालो. “नागोराव. बौद्ध आहो मी.”

हात थांबला. त्यानं रस्त्याकडे पाहिलं. दोन गिऱ्हाइकं नंबर धरून उभी होती. मग त्यानं वस्तरा माझ्या हातात दिला.

“उजवा तुमी करा,” तो हळूच म्हणाला. “शिकालेच आले ना?”

शिकवणी होती की नकार? मी आरशात त्याचं तोंड शोधलं. तो पाठमोरा वाटी धूत होता. वाटी तर कोणाच्याही मागून धुतात. धुतात ना? मी उजवा गाल केला, दोन ठिकाणी कापलं. दगड आणि पट्टा विकत घेऊन घरी आलो.

रविवारी सकाळी बापाला ओसरीवर बसवलं. पातं निजवलं, लागानं फिरवलं. रक्ताचा एक थेंब आला नाही. बा दोन्ही गालांवरून हात फिरवत राहिला.

“कोणं शिकवलं रे तुले?”

“न्हाव्यानं.”

बाचा हात थांबला. “हात लावला त्यानं तुले?”

“एका गालाले.”

“कोणत्या?”

मी डावा गाल पुढे केला. बानं आपली खरखरीत बोटं त्यावर ठेवली, आणि मांडवातून बोलावणं येईपर्यंत काढली नाहीत.