राजीनाम्यानंतर आलेली खुर्ची

"कोणी बसायला आलं की बसू द्यायचं. कोण, कशासाठी, हे आपण विचारायचं नाही." उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात मला चाकं लावत होते, तेव्हा दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या सोफ्याने मला हे बजावलं होतं.

मी एक खुर्ची. काळी, फिरती, पाठीला जाळी असलेली. वय दोन महिने. प्रश्न पडतात, त्याला मी काय करू?

मंगळवारी एक शेठ घाईघाईने दुकानात आले. "मॅनेजरची वाटली पाहिजे. आजच हवी."

"साईं, एक घंटे में टेंपो निकलेगा," दुकानदार म्हणाला.

अशी मी अंबरनाथच्या एमआयडीसीत पोचले. साच्यांची ड्रॉइंग काढणारं छोटं ऑफिस. तिथे ऋताच्या टेबलामागे मला उभं केलं. तिची जुनी खुर्ची शेजारीच होती. एक चाक मोडलेलं, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. त्या खुर्चीनेच मला सगळं सांगितलं. ऋताची पाठ दुखायची. चार वर्षं ती नवी खुर्ची मागत होती आणि शेठ "बघू" म्हणत होते. सोमवारी तिने राजीनामा दिला, बदलापूरच्या एका कंपनीत नोकरी मिळाली म्हणून. मंगळवारी मी आले. सोबत पगारवाढ आणि 'सीनियर' हे पद. शेठ तिला म्हणाले, राहिलीस तर सगळं तुझं.

मग मी बक्षीस की कुलूप? मला कळेना. ऋतालाही कळत नसावं. ती माझ्या पाठीवर ओढणी टाकायची, परत काढायची. बसत मात्र नव्हती. एकदा हळूच म्हणाली, "छान आहेस गं. आधी का नाही आलीस?"

मला बोलावलं कुठे होतं? आणि खरं सांगते, तिने बसावं असं मलाही वाटत होतं. नव्या ठिकाणची माणसं कशी निघतील, कोणाला ठाऊक?

शुक्रवारी शेठनी थेट तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. दिनानाथ पूर्वी शेठच्याच कारखान्यात लेथ मशीनवर होते. नोकरी मुलीची आणि उत्तर बापाने द्यायचं! माझी चाकंसुद्धा चिडली.

"ऋता, शेठ एवढं करतायत. मोठ्यांनी बस म्हटलं की बसायचं."

"बाबा, राजीनामा मी दिलाय ना?"

"मी तीस वर्षं उभ्याने काढली."

"म्हणून मीही काढू?"

"गरम डोक्याची आहे," शेठ हसले. "बस बेटा, तुझ्यासाठीच आणलीय."

ऋताने माझ्या हातावर हात ठेवला. ती खरंच वाकली. माझी गादी दबणार, तेवढ्यात तिची नजर पलीकडच्या टेबलाकडे गेली. तिथे सोनिया पाठीशी उशी घेऊन काम करत होती.

"शेठ, सोनियाचीही पाठ दुखते. तिला कधी मिळणार?"

"तिला कशाला? ती कुठे सोडून चाललीय?"

शेठ अगदी सहज बोलून गेले. ऋता सरळ उभी राहिली.

"म्हणजे इथे काही हवं असेल तर दर वेळी राजीनामाच द्यायचा? मी एकदाच दिलाय. मागे घेणार नाही."

तिने मला ढकलत सोनियाकडे नेलं आणि टर्रकन माझ्यावरचं प्लास्टिक फाडलं. "बस गं."

सोनिया बिचारी गोंधळून माझ्या काठावर टेकली. आता मी हिची, की उद्या परत दुकानात? माहीत नाही. फक्त एक विनंती आहे. आम्हाला आणायचं तर माणूस बसलेला असताना आणा, उठून निघाल्यावर नको.

दिनानाथ शेठकडे बघत होते, शेठ दिनानाथांकडे.