डाख दिलेलं जेट

लातुरात मकसूद मिस्त्रीचं नाव होतं ते ॲव्हरेजसाठी. जुनी फियाट त्याच्याकडे सोडायची आणि लिटरमागे दोन-तीन किलोमीटर वाढवून न्यायची. नवा पार्ट नाही, खर्च नाही. कसं जमतं विचारलं तर म्हणायचा, "हाताची दुआ हाय." दुआ कसली डोंबलाची! कार्बोरेटरचं जेट म्हणजे पेट्रोल जायचं भोक. ते तो गुपचूप डाख देऊन, म्हणजे कथील वितळवून, बुजवायचा आणि सुईने आणखी बारीक भोक पाडायचा. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर मजेत पळायची. भरलेली गाडी चढाला लागली, की पेट्रोल कमी पडून इंजिन आतून भाजायचं. हे मकसूदला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मूळ जेट तो टूलबॉक्समधल्या डबीत जपून ठेवायचा.

किराणावाले शिवमूर्तीअप्पा चिकटपणात गुळाच्या ढेपेला हरवणारे. त्र्याण्णव साली गणपतीच्या तोंडावर त्यांनी फियाट अशीच करून नेली. विसर्जन झालं आणि पहाटे भूकंप झाला. अप्पांची लेक मंजुश्री किल्लारीकडे दिलेली. अप्पांना काही सुधरेना, म्हणून गाडी मकसूदनेच हाकली.

दगडामातीखालून मंजुश्री जिवंत निघाली. कंबरेखाली चेंदामेंदा, पण कुशीतली दहा महिन्यांची सिंधु धडधाकट. आणखी तीन जखमी कोंबून गाडी लातूरकडे निघाली. चढावर इंजिन टकटक वाजू लागलं. मकसूदने आवाज ओळखला. मूळ जेटची डबी मागे टूलबॉक्समध्ये होती, बदलायचं काम दहा मिनिटांचं. पण अप्पांदेखत जेट काढलं असतं तर डाख दिसला असता, आणि मग गावभर बभ्रा. पोचेल, पोचेल, असं म्हणत त्याने गाडी दामटली.

पिस्टनला भोक पडलं आणि गाडी बंद पडली. येणारी-जाणारी वाहनं गच्च भरलेली. ट्रक मिळेपर्यंत दोन तास गेले. मंजुश्रीने रस्त्याकडेला बापाच्या मांडीवर प्राण सोडला.

"तू व्हतास म्हणून लेकीचं तोंड तरी दिसलं," अप्पा तेव्हापासून म्हणत. दर दिवाळीला त्याला घरी जेवू घालत. मकसूद दोन घास खाऊन उठायचा, तरी दरवर्षी जायचा.

सतरा वर्षांत लातूर क्लासेसचं गाव झालं. अप्पांच्या गोदामातही डॉक्टर व्हायला आलेली पोरं राहू लागली. अप्पांकडेच वाढलेल्या सिंधुची मेडिकलची प्रवेश परीक्षा नांदेडला होती. अप्पांनी शेडमध्ये पडलेली फियाट बाहेर काढली. "आईला आणलेल्या गाडीतच जाईल पोर. कर नीट."

मकसूदने जीव ओतला. इंजिन बांधलं, मूळ जेट बसवलं, प्लगवर बदामी रंग, म्हणजे पेट्रोल नीट जळत असल्याची खूण, येईस्तोवर ट्यूनिंग केलं. सिंधुला घेऊन गाडी न्यायला आलेले अप्पा इंजिनचा आवाज ऐकून खूश झाले.

"ॲव्हरेज पयल्यासारखंच काढलास न्हवं? तुझ्या हाताची दुआ हाय बाबा."

मकसूदला ते सोसवलं नाही. डाख दिलेलं जेट त्याने अप्पांच्या तळहातावर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं.

"रस्त्यातच कळलं व्हतं तुला?"

"हाव, अप्पा. आवाज आला तवाच."

"अन् दुसरं जेट संगं व्हतं?"

"हाव."

अप्पांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं, जेट खिशात टाकलं आणि सत्तरीच्या वयात ते गाडी घराकडे ढकलू लागले.

"अज्जा, चालू गाडी ढकलायलाव कशाला?" सिंधुने विचारलं. मकसूद धावला.

"हात लावू नकोस," अप्पा म्हणाले.

पोरीने दप्तर सीटवर टाकलं आणि दुसऱ्या बाजूने तीही ढकलू लागली. मकसूद आपल्या गॅरेजच्या दारात उभा राहिला.