बारशाआधीचं नाव

नूपुरच्या बाळाला महिना होत आला तरी नाव नव्हतं. बारशाचा दिवस ठरला होता, पाळणा माळ्यावरून काढून पुसून ठेवला होता, नागपूरच्या महाल भागातून तिच्या माहेरची माणसं यायची होती. पण त्याच सुमारास बाळ दूध टाकायला लागलं आणि बारसं पुढे ढकललं गेलं. मग ते राहूनच गेलं. सगळे त्याला पिल्लू म्हणत.

अंगावर पिणारी मुलं थोडं दूध ओठाच्या कडेने गाळतातच, त्याला कुणी घाबरत नाही. यानेही सुरुवातीला तसंच केलं. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, वजन केलं आणि सांगितलं, "पाजल्यावर उभं धरा, थोडं थोडं पाजा. वाढलं तर मात्र लगेच घेऊन या." उन्मेषने, म्हणजे नूपुरच्या नवऱ्याने, यातलं पहिलं वाक्य पक्कं धरलं आणि शेवटचं सोडून दिलं.

एका दुपारी नूपुरने बाळाला पाजलं, खांद्यावर घेऊन ढेकर काढला आणि मांडीवर निजवलं. तेवढ्यात त्याच्या तोंडातून दुधाची अशी धार सुटली की ती समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली. त्या मूठभर जिवात एवढा जोर आला कुठून, हेच तिला कळेना. बाळ रडलं नाही. तिने तोंड पुसेपर्यंत ते थांबलं, आणि मग मान फिरवून पुन्हा छातीशी तोंड मारू लागलं. भूक तशीच होती. पुढे हे रोजचंच झालं.

मे महिना होता. शहराबाहेरच्या बेसा वस्तीतल्या त्या फ्लॅटमध्ये कूलर सकाळपासून घरघरत असे, खिडक्यांना ओले पडदे असत. उन्मेष सकाळीच बुटीबोरीच्या कारखान्यात जाई. मग दिवसभर घरात नूपुर, बाळ आणि सासूबाई. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण नूपुरच्या आईचं मांडीचं हाड मोडलं होतं. म्हणून शामलाबाई नरखेडकडच्या गावाहून, संत्र्याची बाग नवऱ्यावर सोपवून, सुनेचं बाळंतपण करायला आल्या होत्या.

त्यांनी काही कमी केलं नाही. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळाची तेल लावून अंघोळ, सगळं त्यांच्या हाताने होई. पण हळूहळू नूपुरच्या काही गोष्टी लक्षात यायला लागल्या. तेल लावताना सासूबाईंचा हात बाळाच्या छातीपर्यंत येई आणि पोट सोडून थेट पायांवर जाई. पोटाला त्या शिवत नसत. आणि नूपुर पाजायला बसली की त्या खोलीत थांबत नसत, उठून स्वयंपाकघरात जात.

तेही एक वेळ चाललं असतं. पण एकदा नूपुरला जाणवलं, स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज मध्येच थांबतो. नळ बंद होतो, पोळपाट थांबतो, सगळं चिडीचूप होतं. आणि त्यानंतर बाळ दूध टाकतं. आधी शांतता, मग धार. तिने मुद्दाम कान देऊन पाहिलं. मधे भिंत होती, दार लोटलेलं होतं, बाळ कुशीत आवाज न करता पडलेलं होतं. तरी तिकडे लाटणं थांबलं, आणि अगदी हलक्या आवाजात सासूबाई म्हणाल्या, "आता."

पुढच्याच क्षणी नूपुरचा पदर भिजला.

तिने उन्मेषला सांगितलं. तो थकून आलेला होता. "योगायोग असंल. झोप होत नाही न तुझी, म्हणून वाटते तसं," तो म्हणाला.

बाळ वाळत चाललं. गाल आत गेले, कपाळावर आठ्या पडल्या, हनुवटीखालचं कातडं सैल झालं. महिन्याच्या पोराचा चेहरा एखाद्या म्हाताऱ्यासारखा दिसायला लागला. डोळे तेवढे मोठे, जागे, कुणाची तरी वाट बघितल्यासारखे. नातवाला पाहायला सासरे गोपाळराव गावाहून आले. सोबत आमरसासाठी आंब्यांची पेटी आणली होती, चांगले चार दिवस राहणार होते. पाळण्याशी गेले, दुपट्याची कड बाजूला केली आणि तसेच उभे राहिले. मग शामलाबाईंकडे पाहिलं. "पंप बिघडला बागेतला," असं काहीतरी पुटपुटत गोपाळरावांनी चपला घातल्या आणि पाणीसुद्धा न पिता ते परतीच्या एसटीला गेले.

दुसऱ्या दिवशी नूपुरने ते पाहिलं. उकाड्यामुळे तिने बाळाचं झबलं काढून त्याला खिडकीजवळ निजवलं होतं. नुकतंच पाजलं होतं. पडद्यातून येणारा उजेड त्याच्या उघड्या पोटावर पडला होता. आणि त्या पातळ कातड्याखाली, डाव्या बरगडीच्या खालून, काहीतरी उठलं. लिंबाएवढा उंचवटा. तो सावकाश सरकत उजवीकडे गेला आणि विरला. पुन्हा डावीकडे उठला, पुन्हा निघाला. आत कुणीतरी बोटाने वाट चाचपत चालावं तसा. स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. तिसऱ्यांदा तो उंचवटा उजवीकडे पोहोचला आणि बाळाच्या तोंडातून धार उसळली.

तिने नंतर मोबाइलवर त्याचं चित्रण केलं. उन्मेषने पाहिलं, पुन्हा पाहिलं. "श्वास घेऊन राहिला तो," तो म्हणाला, पण त्याचाही आवाज जरा पडला होता. "शनिवारी दाखवू डॉक्टरले."

शनिवार यायचा होता. त्याआधीच्या सकाळी बाळाने एकदाही दूध टाकलं नाही. फारसं प्यायलंही नाही, दोन घोट घेऊन झोपलं. पण एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कपडे कोरडे राहिले होते, आणि नूपुरला त्याचंच बरं वाटलं. आता उतार पडतोय, असं मनाशी म्हणून ती निवांत न्हायला गेली.

केस पुसत बाहेर आली तर खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. आतून सासूबाईंचं बोलणं ऐकू येत होतं. फोनवर असतील असं तिला वाटलं. मग शब्द कळायला लागले.

"काहून आला गा परत? त्या टायमाले मी तुले राखू नाई शकली. आता हिच्यापाशी आला, अन् हिलेबी तसंच करून राहिला. किती भुका आहेस गा..."

नूपुरने फटीतून पाहिलं. शामलाबाई पाळण्याजवळ जमिनीवर बसल्या होत्या. हात मांडीवर घट्ट गुंतवलेले.

"सिरधर," त्यांनी हाक मारली.

पाळण्यातल्या बाळाने मान वळवली. महिनाभरात नूपुरने त्याला पिल्लू, सोन्या, राजा अशा शंभर हाका मारल्या होत्या, एकाही हाकेला ते वळलं नव्हतं. आता मात्र त्याने सावकाश मान वळवली आणि त्या मोठ्या, जाग्या डोळ्यांनी ते आजीकडे पाहत राहिलं.

नूपुरने दार ढकललं. "आई, श्रीधर कोण?"

शामलाबाई दचकल्या नाहीत. कुणीतरी कधीतरी विचारणार हे ठाऊक असल्यासारख्या त्या बसून राहिल्या. "माया पहिला पोरगा," त्या म्हणाल्या. "उन्मेषच्या आधीचा."

"उन्मेषला भाऊ होता?"

"त्याले नाई माहीत. कोणालेच बोलू नाई देल्लं सासूनं. म्हणे, नाव घेतलं का वाट सापडते त्याले." त्यांचे डोळे पाळण्यावरच होते. "असाच होता वं. चांगला गुटगुटीत झाला, अन् महिन्याचा होता होता टाकाले लागला. धार भितीवर जाये. मंग तोंड असं झालं, म्हाताऱ्यासारखं. गावातले म्हणत, जुना जीव आहे, टिकत नाई. नागपूरले नेऊ, नेऊ म्हणता म्हणता राहून गेलं. अन् इथं," त्यांचं बोट बाळाच्या पोटावर, बेंबीच्या वर उजव्या अंगाला अधांतरी थांबलं, "इथं सुपारी होती. आत. तेल लावताना लागे मले. कोणाले सांगतलं त हासत. म्हणून मी याच्या पोटाले हात नाई लावत. लागली तर काय करू?"

"आणि तुम्ही 'आता' म्हणता ते? तुम्हाला आधी कसं कळतं?"

"नाई माहीत. पोटात गोळा येते माया. तवाबी येये." त्या थांबल्या. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी त्यानं टाकलं नाई वं. सकाळपासून एकडाव नाई. मले वाटलं, बरा झाला. देवापुढं साखर ठेवली मी."

नूपुर पंचा टाकून पाळण्याशी वाकली. तिने बाळाची लंगोटी चाचपली. कोरडी. सकाळी बांधलेली, तशीच. टाळूवर हात ठेवला तर तिथे खळगा होता. मग दात आवळून तिने दोन बोटं बाळाच्या पोटावर ठेवली, सासूबाईंनी दाखवलेल्या जागी, आणि हळूच दाबली. कातड्याखाली काहीतरी टणक, गोल, बोटाखालून सरकलं.

"आई, उठा," ती म्हणाली. "गाडी बोलावते. आत्ता."

शामलाबाई हलेनात. "मी नाई येत. मी आली त हा नाई राहणार."

"तुम्ही आला नाहीत तर ही जागा डॉक्टरांना दाखवेल कोण?" नूपुरने त्यांचा दंड धरून त्यांना उभं केलं. ओल्या केसांनी ती जिना उतरली, बाळाला पोटाशी धरून, आणि मागे अनवाणी सासूबाई. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. रस्त्यावर माणूस नव्हतं. गाडीत शामलाबाई आपल्याच पोटावर हात दाबून बसल्या होत्या, आणि नूपुर वळून वळून त्यांच्याकडे पाहत होती. आता त्यांनी काही बोलू नये, एवढंच तिला वाटत होतं.

इस्पितळातल्या, लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर वैदेही मध्यमवयीन, शांत बाई होत्या. त्यांनी बाळाच्या ओठांना साखरपाण्याचं बोट लावलं, आणि ते चोखत असताना त्याच्या पोटावर बोटं फिरवली. त्यांचं बोट त्याच जागी थांबलं. मग सोनोग्राफी झाली. तोवर उन्मेषही धावत आला होता.

"जठरातून आतड्यात जायची जी वाट असते ना, तिथला स्नायू जाड झालाय," डॉक्टरांनी सांगितलं. "दूध पुढे जातच नाही. जठर जोर लावतं, म्हणून पोटावर लाट दिसते, आणि शेवटी सगळं उलटं येतं. छोटं ऑपरेशन आहे. पण अंगातलं पाणी आणि क्षार फार कमी झालेत, ते आधी भरून काढू. अजून थांबला असतात तर अवघड होतं." मग त्यांनी विचारलं, "घरात आधी कुणाला असं झालं होतं का? कधी कधी हे घराण्यात असतं."

उन्मेष नाही म्हणायला तोंड उघडतच होता.

"याच्या भावाले," शामलाबाई उन्मेषकडे बोट करून म्हणाल्या.

उन्मेष आईकडे बघत राहिला. तो तिच्याजवळ जाऊन बाकावर बसला.

रात्रभर सलाईन चढलं, सकाळी रक्त पुन्हा तपासलं, मग ऑपरेशन झालं. संध्याकाळ व्हायच्या आत नर्सने नूपुरला आत बोलावून वाटीत काढलेलं दूध दिलं. चमच्याने, थेंब थेंब. "थोडं टाकलं तरी घाबरू नका, सूज असते," नर्स म्हणाली. नूपुरने पाजलं आणि श्वास रोखून बसली. काचेपलीकडे व्हरांड्यात शामलाबाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा कोरा होता, कान देऊन ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा. वेळ जात राहिला. बाळाने जांभई दिली आणि झोपलं. शामलाबाई खाली बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या.

घरी आल्यावर बाळ भराभर भरलं. गाल वर आले, आठ्या गेल्या, तो म्हातारा चेहरा उतरून खालून दुसराच कुणीतरी, नूपुरच्या वडिलांच्या नाकाचा मुलगा निघाला. बारसं झालं, पियूष नाव ठेवलं. शामलाबाई आता त्याच्या पोटाला तेल लावत, जखमेची जागा जपून. पण काम आटोपलं की त्या त्याच्या तोंडाकडे निरखून बघत बसत, हरवलेलं काही शोधावं तसं. एकदा नूपुरने विचारलं, "काय बघता आई?"

"नाई दिसत आता," त्या म्हणाल्या. "चांगलं झालं." आणि उठून गेल्या. नूपुरला त्या दोन्ही वाक्यांचं वाईट वाटलं.

श्रावणात सगळे गावी गेले. उन्मेषने वडिलांना विचारलं, "बाबा, श्रीधरले मातीत कुठं ठेवलं होतं?" गोपाळरावांनी बागेकडे हात केला. "बागेतच. पण जागा नाई सांगू शकत. जुनी झाडं काढली, नवी लावली. सगळं बदललं."

शामलाबाईंनी कुणाचंच ऐकलं नाही. त्या ओल्या गवतातून संत्र्याच्या रांगांमधून सरळ चालत गेल्या, विहिरीच्या अंगाला वळल्या आणि एका ठिकाणी खाली बसल्या. तिथे खूण कसलीच नव्हती. बाकीचे मागे थांबले. पियूष नूपुरच्या खांद्यावर गाढ झोपला होता.

त्या खाली वाकून बोलू लागल्या. हलक्या आवाजात, बराच वेळ, लांबून आलेल्या माणसाशी घरातल्या गोष्टी बोलाव्यात तसं. शब्द नूपुरपर्यंत पोहोचत नव्हते. पण मधून मधून त्या थांबत, मान किंचित कलती करत, आणि मग हो हो म्हणून पुढे बोलत. उत्तर ऐकून घेतल्यावर माणूस म्हणतो तसं.

मग त्या उठल्या. लुगड्याला लागलेली माती झटकली नाही.

"चाला," त्या म्हणाल्या. "आभाळ भरून राहिलं. लेकरू भिजंल."