पहिलं पाणी

"भाओजी, नाकाशी धरून बघा ना. कसला वास येतो?"

निसिम झिराडकरांनी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला, फ्रीझरमधून काढलेली प्लास्टिकची पुडी उघडली आणि डोळे मिटून वास घेतला. वास येत होता, पण कसला ते काही सांगता येईना. ओल्या लाकडाचा म्हणावं तर तसा होता, आणि बंद पेटीचा म्हणावं तर तसाही होता. आत वाळलेल्या, काळ्या, काडीकाडीच्या छत्र्या होत्या. त्यांना अळंबी म्हणायला निसिमची जीभ रेटेना. "मातीचा," असं सांगून त्यांनी स्वतःची सुटका करून घेतली.

"मग स्वच्छ धुऊन घ्या," पलीकडून सारिना म्हणाली.

सारिना त्यांची मेहुणी, इथेच कॅनडात मिसिसागाला राहायची. बायको, म्हणजे एस्सी, गेल्यावर निसिमना चहापलीकडे काही येत नव्हतं. वरणाच्या फोडणीपासून मटण मिठात घालून, रक्त काढून यहुदी रीतीने कोशर करण्यापर्यंत सगळं सारिनाने त्यांना फोनवर शिकवलं होतं. आज मात्र शिक्षिकेचंच अडलं होतं. हैतीचा काळा भात तिने आयुष्यात पाहिला नव्हता.

"पण हा भात करतात कधी?" तिने विचारलं. "लग्नाला की मयताला?"

हा प्रश्न निसिमना सकाळपासून छळत होता. मुलाच्या, आर्येच्या, लग्नात हा भात होता. नंतर एका नाताळला सुनेची आई इथे आली होती तेव्हाही होता. म्हणजे आनंदाचा असावा. पण रंगाने काळा कुळकुळीत. आनंदाचा भात काळा कशाला करतील कोणी? आणि आनंदाचा असेल, तर आई वारलेल्या पोरीच्या पुढ्यात तो ठेवायचा का? देवाचं नाव घेऊन करा, असं सांगून सारिनाने फोन ठेवला.

सून हैतीची. नाव मिर्लांद. शेवटचा 'द' निसिमच्या तोंडात कधी बसला नाही, म्हणून ते तिला मिर्ला म्हणत आणि ती त्यांना पपा म्हणे. बोलणं इंग्रजीत व्हायचं. तिचं इंग्रजी फ्रेंचकडे झुकलेलं, यांचं कोकणाकडे, पण दोघांचं भागत होतं. तिची आई तिकडे गावी वारली, त्याला दोन आठवडे होत आले होते. तिकडे गोळीबार चालू होता, विमानं जात नव्हती, त्यामुळे मिर्लाला जाता आलं नाही. आईचा दफनविधी तिने बेडरूममध्ये पलंगाच्या कडेला बसून फोनवर पाहिला. मध्येच चित्र अडकायचं तेव्हा ती फोन खिडकीशी नेऊन धरायची. संपल्यावर तिने तोंड धुतलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. वृद्धांच्या एका नर्सिंग होममध्ये ती परक्यांच्या आयांना न्हाऊमाखू घालायची.

ती रडली नव्हती, आणि धड जेवतही नव्हती. अर्धा टोस्ट, कॉफी, की झालं. गालाची हाडं वर आली होती. आर्येला विचारलं की तो म्हणायचा, "पपा, गिव्ह हर स्पेस." स्पेस म्हणजे नेमकं काय द्यायचं, ते निसिमना कळत नव्हतं. दुःखात बुडालेल्या माणसाला एकटं सोडायचं, ही कुठली रीत? त्यांनी आपल्या परीने सुरुवात केली होती. आपल्यात घरात माणूस गेलं की आरसे झाकतात, म्हणून त्यांनी वॉशरूममधल्या आरशावर टॉवेल टाकला. मिर्लाने तो धुवायला टाकला. त्यांनी दुसरा टाकला, तिने तोही धुवायला टाकला. मग आपण चुकतोय की ती चुकतेय, की दोघंही बरोबर आहेत, हे न कळून त्यांनी नाद सोडला.

पण एक गोष्ट त्यांनी पाहिली होती. रोज कामावर जायच्या आधी मिर्ला फ्रीझर उघडायची, ही पुडी हातात घ्यायची, थोडा वेळ तशीच उभी राहायची आणि पुडी परत ठेवायची. मिर्लाच्या आईने त्या छत्र्या डोंगरातून आणवून, वाळवून, त्या नाताळला बरोबर आणलेल्यातली ही शेवटची पुडी. निसिमनी त्याचा सरळ अर्थ लावला. पोरीला आईच्या हातचा भात खावासा वाटतोय, पण रांधायचं बळ नाही. आणि ज्याचं माणूस गेलं त्याने स्वतः रांधायचंच नसतं, ते दुसऱ्याने करायचं असतं. घरात दुसरं कोण होतं? आर्ये गाडीला विंटर टायर्स बसवायला गॅरेजमध्ये गेला होता. तिथे रांग एवढी की संध्याकाळपर्यंत त्याची आशा नव्हती. मिर्लाला विचारावं असं एकदा मनात आलं. पण दुखवट्यातल्या माणसाला जेवायला काय करू असं विचारतात का? ते आपणच ओळखायचं असतं. एवढ्या एका मुद्द्यावर मात्र त्यांच्या मनात गोंधळ नव्हता.

फोनवर त्यांनी व्हिडिओ लावला. एक जाडजूड बाई हसतहसत तिकडच्या भाषेत बोलत होती. त्यातला शब्द कळत नव्हता, पण हात कळत होते. तिने कांद्याची पात, लसूण, मिरची आणि पाला वाटून हिरवं वाटण केलं तेव्हा निसिमना बरं वाटलं. हे तर आपलंच. तिने लवंगा घेतल्या, यांनीही घेतल्या. तिने कोळंबी काढली तेव्हा, ती आपल्यात चालत नाही म्हणून, यांनी मान फिरवली आणि मटार घेतले. मग तिने छत्र्या गरम पाण्यात भिजत घातल्या, यांनीही घातल्या. तेवढ्यात बॅटरी संपत आल्याची खूण आली, म्हणून त्यांनी फोन चार्जिंगला लावला आणि पुढचं आपल्या अकलेवर सोडलं. कळायचं ते कळलं होतं.

थोड्या वेळाने पातेल्यात बघतात तर पाणी शाईसारखं झालेलं. केवढी घाण, ते मनात म्हणाले. त्यांनी छत्र्या चाळणीत निथळल्या आणि ते सगळं पाणी सिंकमध्ये ओतून दिलं. विचार करायची गरजच पडली नाही. तांदळाचं पहिलं पाणी टाकायचं, वालांचं पहिलं पाणी टाकायचं, मटणाचं रक्त उतरलेलं पहिलं पाणी तर टाकायलाच हवं, नाही तर ते आपल्या घरात शिजवता येत नाही. नोकरीही तीच केली होती. एका मोठ्या लाँड्रीत ते बॉयलर सांभाळायचे आणि कामावर गेल्यागेल्या पहिली चावी फिरवायची ती तळाचं गढूळ पाणी सोडून देण्याची. घर जुनं होतं, सिंक पांढऱ्या इनॅमलचं, कळा गेलेलं. पाणी त्यातून नेहमीसारखं रेंगाळत उतरलं. निसिमनी छत्र्या आणखी दोनदा धुतल्या, देठांसकट बारीक चिरल्या आणि वाटण परतायला घेतलं.

भात रटरटायला लागला. वास छान सुटला, पण भात पांढराच. उकळी आली तरी पांढरा, पाणी आटत आलं तरी पांढरा. मधूनमधून चिरलेल्या काड्या तेवढ्या वर येत होत्या. शेवटी काळा होत असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. झाकण ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. अखेर फोनपाशी जाऊन त्यांनी व्हिडिओ पुढे सरकवला.

त्या बाईने छत्र्या पिळल्या, चोथा कचऱ्यात टाकला आणि ते काळं पाणी जपून, शेवटच्या थेंबापर्यंत, तांदळात ओतलं.

निसिमनी तेवढाच तुकडा तीन वेळा पाहिला. चौथ्यांदा पाहूनही बाई काही वेगळं करणार नव्हती. ते सिंकपाशी गेले. आत काही उरलं नव्हतं. एवढी एकच पुडी होती, आणि ती दुसऱ्याच्या आईची होती.

त्यांनी सारिनाला फोन लावला. ती म्हणाली, "सोया सॉस आहे ना घरात? घाला दोन पळ्या. काळा होईल. तिला कशाला कळतंय, दुःखात आहे पोरगी."

बाटली होती. निसिमनी ती काढली, बूच उघडलं, पातेल्यावर धरलीसुद्धा. भात काळा झाला असता. पोरीने खाल्ला असता. कदाचित चार घास जास्तच गेले असते, आणि हवं होतं ते एवढंच होतं. मग बिघडतं कुठे? कुठे ते त्यांना सांगता येईना, पण हात काही खाली जाईना. ही काही तिची आई नव्हती, सोया सॉस होता. आईच्या नावावर तो तिच्या पोटात कसा घालायचा? ते बाटली घेऊन तसेच उभे होते, तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

मिर्ला कोट न काढताच स्वयंपाकघरात आली. वाटणाचा आणि लवंगांचा वास दारापर्यंत गेला असणार. तिने पातेल्याकडे पाहिलं, सासऱ्याच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं, आणि मग ओट्यावर पडलेली रिकामी पुडी तिला दिसली. तिने झाकण उचललं. पांढरा भात, हिरवे मटार आणि मध्ये चिरलेल्या काड्या.

"पपा," ती हळू म्हणाली, "पाणी कुठे आहे?"

निसिमनी बाटली खाली ठेवली.

"टाकलं," ते म्हणाले. "मला वाटलं घाण आहे. मला माहीत नव्हतं, मिर्ला. मी टाकून दिलं."

ती सिंकपाशी गेली आणि वाकून बघत राहिली. तेव्हा निसिमना दिसलं की पाणी अगदीच गेलं नव्हतं. ते जिथवर चढलं होतं तिथवर पांढऱ्या इनॅमलवर एक काळसर कड उमटली होती, आणि जाळीभोवती पातळ काळा गाळ वाळला होता. मिर्लाने त्या कडेवर बोट टेकवलं. मग दोन्ही हात सिंकच्या काठांवर रोवून ती रडायला लागली. आवाज मोठा होता, अंगातून येत होता. निसिम घाबरले. ते मागे सरकले, पुढे आले. पाठीवर हात ठेवावा की नाही ते कळेना, म्हणून त्यांनी तिच्या कोटाची बाही धरली आणि ते तसेच उभे राहिले. सॉरी, सॉरी, असं काहीतरी ते म्हणत होते. काही शब्द मराठीतही निघून गेले.

बऱ्याच वेळाने ती सावरली. डोळे पुसत म्हणाली, "मी ती कधीच शिजवणार नव्हते, पपा. शिजवली असती तर संपली असती."

निसिमना आता कुठे सगळं समजलं, आणि समजल्यावर जास्तच वाईट वाटलं. रोज फ्रीझर उघडणारी ती पोर भुकेली नव्हती. आपण तिच्या आईला फ्रीझरमधून काढून गटारात सोडलं. ते खुर्चीवर बसले. भात टाकून देऊ का, असं त्यांनी विचारलं.

मिर्लाने कोट काढला, ताट घेतलं, पांढरा भात वाढून घेतला आणि त्यांच्या समोर बसून खायला लागली. काडी दाताखाली आली की ती चावून बघायची. काही गिळल्या, काही ताटाच्या कडेला ठेवल्या.

"आईने पाहिलं असतं तर ओरडली असती," ती म्हणाली. "तिच्या भातात एकही काडी नसायची."

मग ती आईबद्दल बोलू लागली. आई बाजारात या काळ्या छत्र्या विकणाऱ्या बाईशी कशी भांडायची, मुलींना ते पाणी ढवळू द्यायची नाही, एकदा काळं बोट भावाच्या पांढऱ्या सदऱ्याला लागलं तेव्हा काय झालं. निम्मं इंग्रजीत होतं, निम्मं तिच्या भाषेत. निसिमना सगळं कळत नव्हतं, पण ते मान हलवत होते. ताट रिकामं झालं तेव्हा तिने आणखी भात घेतला. आपण मोठी चूक केली की चांगली गोष्ट केली, हे त्यांना त्या क्षणी कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिच्या दुसऱ्या वाढीकडे बघून त्यांना बरं वाटत होतं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंकमधली काळी कड काढायला त्यांनी घासणी आणि पावडर घेतली. निदान आपली घाण आपण काढावी, असं त्यांच्या मनात होतं. मिर्ला त्या दिवशी कामावर गेली नव्हती, तिने पहिल्यांदाच सुट्टी मागितली होती. ती गाऊनमध्येच दाराशी आली.

"पपा, ते राहू दे."

त्यांनी घासणी परत ठेवली. नळाच्या तोटीला त्यांनी एक फडकं बांधून टाकलं, म्हणजे चुकून कोणी सोडायला नको. आर्येने विचारलं, की मग भांडी कुठे घासायची आणि हे कुठवर चालणार. निसिम म्हणाले की बेसमेंटमध्ये कपडे धुवायचा टब आहे, तिथे घासू. कुठवर, ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि त्यांनी मिर्लाला विचारलंही नाही.

रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी तिघांची ताटं एकात एक रचली, दुसऱ्या हाताने कठडा धरला आणि एकेक पायरी बघत ते बेसमेंटमध्ये उतरले.