काच पिवळी पडता कामा नये

आधीच सांगून ठेवतो, यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. माझ्या ताईचा तर मी नुसता घसा खाकरला तरी बसत नाही. पण गोष्ट तिच्याच मुलीच्या प्रयोगशाळेतली आहे, आणि माझी ही भाची आत्ता इथेच, पाय वर घेऊन खुर्चीत बसली आहे. म्हणजे थापा मारायची सोयच नाही.

तर ही भाची उन्हापासून वीज करणाऱ्या काचा बनवते. नेहमीच्या सिलिकॉनच्या नव्हेत, पेरोव्हस्काइटच्या. हा शब्द म्हणताना मला कवळी हाताने धरावी लागते. इवलीशी काच गरगर फिरवायची, तिच्यावर पिवळं द्रावण सोडायचं आणि नेमक्या क्षणी वरून दुसरा एक थेंब टाकायचा. थेंब चुकला की सगळं मुसळ केरात. साधला, तर काच तापवल्यावर काळीकुळकुळीत होते आणि ही शिकलेली मंडळी टाळ्या पिटतात. काळं झाल्याचा एवढा आनंद मी तरी जन्मात पाहिला नव्हता.

या काळ्या थराचं वैर एकाशीच, ओलाव्याशी. दमट हवा लागली की तो पिवळा पडतो आणि वीज बंद. त्यामुळे आमच्या घरात भलताच घोळ. ताई उठल्यासुटल्या म्हणायची, "हिचे हात एकदा पिवळे झाले की मी सुटले!"

"आई, पिवळं म्हणू नकोस गं," ही किंचाळायची, "उद्या समिती येतेय!"

समिती खरंच येणार होती. थराला ओल लागू नये म्हणून भाचीने नवा लेप शोधला होता. आता काच झाकण न लावता तासभर दिव्याखाली ठेवायची. टिकली, तर हिचं काम पुढे चालू. पिवळी पडली, तर काम बंद आणि खिडकीजवळचं हिचं टेबल शेजारच्या सिलिकॉनवाल्यांना. ते मेले आदल्या दिवशीच टेप लावून टेबल मोजून गेले होते.

मला हिने एका अटीवर नेलं. "मामा, तोंड उघडायचं नाही. बोललास की वाफ निघते."

खोली बघाल तर एवढीशी. त्यात समितीची जाडजूड मंडळी आणि भाचीचे सर. सर भला माणूस, पण त्यांच्याशी बोलताना समोरच्याला रुमाल लागतो. त्यांनी काचेवर वाकून ओलावा या विषयावर भाषण सुरू केलं. समितीने शंका विचारल्या. झालं! काचेचा कोपरा पिवळसर दिसू लागला, वीज मोजणाऱ्या मीटरचा आकडा घसरू लागला. भाचीच्या तोंडचं पाणी पळालं. पण सरांना गप्प बसा म्हणणार कोण?

मग मी काय केलं असेल? मौन धरलं. साधंसुधं नव्हे, जहाल मौन! त्याने खोलीतली हवा इतकी कोरडी पडली की सरांचे शब्द ओठांवरच वाळले. समितीच्या बाईंच्या केसांतून ठिणग्या उडाल्या. भिंतीवरचं कॅलेंडर पापडासारखं कुरकुरायला लागलं. आणि तो पिवळा कोपरा, देवाशपथ सांगतो, ओशाळून पुन्हा काळा झाला! आकडा तर असा चढला की त्याला उतरवायला शिडी मागवावी लागली. तासभर काच टिकली, टेबल हिचं हिच्याकडे राहिलं. का? तर तो अख्खा तास मी तोंडातून चकार शब्द—

"मामा, धडधडीत खोटं!" भाची खुर्चीतून उठलीच. "सरांचं भाषण मधेच तोडून तू बोलायला लागलास! बोलत बोलत सरांसकट अख्खी समिती पार जिन्यापर्यंत नेलीस. तुझ्या थापा ऐकत सगळे तिथेच उभे, तास संपेपर्यंत एकजणही आत फिरकला नाही. म्हणून तर खोली कोरडी राहिली!"