कडूबाचा राहिलेला रूट

माणसाला म्हातारपणी कसला नाद लागेल याचा नेम नाही. कुणी भजनी मंडळात जाऊन टाळ फोडतं, कुणी सुनेच्या कालवणात मीठ शोधत बसतं. जालन्याच्या कडूबाला एसटीचा नाद लागला. पंच्याहत्तरी ओलांडली की महामंडळ फुकट फिरवतं हे त्याला कळलं, आणि त्या दिवसापासून गडी घरात टिकेना. आता पंच्याहत्तरी ओलांडली हे आधार कार्डाचं म्हणणं. कार्ड काढणाऱ्या पोरानं सगळ्या गल्लीला एक जानेवारीला जन्माला घातलं, त्या गडबडीत कडूबा कागदावर स्वतःच्या थोरल्या बहिणीपेक्षाही मोठा झाला. फुकटात फिरायला मिळतंय म्हटल्यावर त्यानं काही तक्रार केली नाही.

बरं, फिरायचं म्हणजे कुठं जायचं असायचं का? छे! जालन्याच्या स्टँडवरून जी म्हणून गाडी सुटते, तिच्यात पहिल्या थांब्याला बसायचं आणि शेवटच्या थांब्याला उतरायचं. मधे धोतराला आग लागली तरी उतरायचं नाही. शेवटी उतरून त्या गावचा एक चहा प्यायचा, चहाला नावं ठेवायची आणि माघारी यायचं. झाला तो रूट पुरा. एकदा पोरानं विचारलं, "बाबा, तीर्थपुरीला काहून गेल्ते तुम्ही?" तर म्हणे, "गाडी जाऊन राह्यली व्हती म्हणून."

या उद्योगात त्याला जोडीदार होता सिराजोद्दीन टेलर. शिवणकामातून डोळ्यांनी सुट्टी दिली, तेव्हापासून तोही रिकामाच. दोघं फलाटावरच्या बाकड्यावर असे बसायचे, की नवखा माणूस त्यांनाच चौकशी खिडकी समजायचा. आणि हे दोघंही बिनदिक्कत गाडी सांगून मोकळे व्हायचे. बराबर सांगायचे, हे कबूल केलं पाहिजे.

होता होता सगळे रूट झाले. एक राहिला. मंठ्याच्या पुढं आत जाणारी हिवरवाडीची गाडी. ती फलाटाला लागली की कडूबाला लघवीला व्हायचं, नाहीतर पेपर वाचायची हुक्की यायची. स्टँडवरची पोरं मुद्दाम ओरडायची, "कडूबा, हिवरवाडी लागली बरं का!" आणि कडूबा त्यांच्या आयाबहिणींची चौकशी करायचा.

त्याचं असं, की हिवरवाडीत कडूबाची ती थोरली बहीण दिलेली होती, द्वारकाबाई. तिचा नवरा तातेराव. वीसेक वर्षांमागं त्यांच्या धाकट्या पोरीचं लग्न होतं. नवरीला मांडवात आणायचा, अंतरपाटाशी तिच्या पाठीमागं उभं राहायचा मान मामाचा, म्हणजे कडूबाचा. पत्रिकेवर मुहूर्त होता बारा पस्तीसचा. आता आपल्या जिल्ह्यात बारा पस्तीस म्हणजे दोन-अडीच, हे शेंबडं पोरही सांगेल. कडूबानं त्या हिशोबानं दाढी केली, मिशीला पीळ दिला, नवा फेटा बांधला आणि सव्वाला मांडवात हजर झाला, म्हणजे त्याच्या मते चांगला तासभर आधी. पण त्या दिवशी कुणीतरी पुढारी आले होते, त्यांना पुढची लग्नं गाठायची होती, म्हणून हे लग्न वेळेवर लागलं! जिल्ह्यात असला प्रकार त्याआधी घडला नव्हता, पुढंही घडल्याचं ऐकिवात नाही. 'मामा, नवरीला आणा' असा पुकारा झाला, मामाचा पत्ता नाही, तेव्हा तातेरावांनी दूरच्या नात्यातला कुणीतरी एक मामा धरून आणून उभा केला.

कडूबा पोचला तेव्हा पंगत बसली होती. तातेराव वरणाची बादली घेऊन फिरत होते. म्हणाले, "मामाचं काम उरकलं, पाव्हणं. तुम्ही जेवून घ्या."

झालं! कडूबानं पंगतीच्या मधोमध उभं राहून सांगितलं, "या गावच्या मातीला पुन्हा पाय लावला तर बापाचं नाव लावणार न्हाई!" तातेरावही काही कमी नव्हते. "आन मी तुझं तोंड पुन्हा बघितलं तर मीबी न्हाई लावणार!" बुंदी वाढणारी द्वारकाबाई दोघांच्या मधे उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मग तिनंही निरोप धाडला, की भाऊ माझ्या दारात येईल तव्हाच मी त्याच्या दारात जाईन. तिघांपैकी शहाणं कोण हे सांगायला अवघडच होतं. जिच्या लग्नात हे रामायण झालं ती भाची पुण्यात दोन पोरांची आई होऊन मजेत आहे, आणि तिच्या मागं नेमकं कोण उभं होतं हे तिला फोटो बघूनही सांगता येत नाही.

कडूबाच्या घरात हिवरवाडीचं नाव काढायची सोय नव्हती. नाव काढलं की तो ताटावरून उठायचा. मग घरच्यांनी नाव काढणंच सोडलं, आणि तिकडची खबर यायची बंद झाली. पण गड्याला बहिणीला एकदा डोळे भरून बघायचं होतं. दोघांपैकी कुणीतरी मरायच्या आत. एवढंच त्याचं दुखणं होतं, आणि बाकीचे सगळे रूट तो हे दुखणं विसरायला फिरत होता. सिराजोद्दीनला हे ठाऊक होतं. कडूबालाही ठाऊक होतं, फक्त कबूल नव्हतं.

शेवटी सिराजोद्दीननंच तोड काढली. "अरे कडूबा, शपथ मिट्टीची हाय ना? मंग बस म्हंजे मिट्टी हाय क्या? बस सरकारची. तू सीटवर बसला, पाय तुझा पत्र्यावर. वहाँ जाना, खिडकीतून बहन को देखना, त्याच गाडीनं वापस. शपथ बिलकुल सलामत!"

कडूबानं दोन दिवस या मुद्द्यात खोट शोधली. सापडली नाही. तिसऱ्या दिवशी धुवट धोतर नेसून तो हिवरवाडीच्या गाडीत बसला.

गाडीवर कंडक्टर वंदनाबाई होती. दोघांना शून्याची तिकिटं देत ती म्हणाली, "आज या रूटवर कसे काय, बाबा?" कडूबा खिडकीबाहेर बघत राहिला. वाटूरला सिराजोद्दीन उतरून भजे घेऊन आला, तर कडूबानं पुडीकडं बघितलंही नाही. फुकटच्या भज्यांना नाही म्हणणारा कडूबा सिराजोद्दीननं जन्मात पहिल्यांदा पाहिला. मंठा मागं पडलं, गाडी आतल्या रस्त्याला लागली आणि खड्ड्यांनी हाडं खुळखुळायला लागली, तेव्हा कडूबा हळूच म्हणाला, "सिराज, वापस जाऊ आपण."

"चालत्या गाडीतून? जरूर. आधी तू कूद, मंग मी."

हिवरवाडीत पारापाशी लिंबाखाली गाडी उभी राहिली. माणसं उतरली. ड्रायव्हर चहाला गेला. कडूबा सीटला चिकटलेला.

"चला बाबा, शेवटचा थांबा," वंदनाबाई म्हणाली.

"उतरायचं न्हाई. ह्याच गाडीनं वापस जायचंय."

"मंग आलात काहून?"

तोवर सिराजोद्दीन खाली उतरून पारावर दवंडी देऊन मोकळा झाला होता. "द्वारकाबाईचा भाई आला, पर उतरून न्हाई राह्यला!" मग काय विचारता! भरदुपारी गावाला करमणूक मिळाली. बायका आल्या, पोरं आली, एक म्हातारा तर घरून खुर्ची घेऊन आला. कुणीतरी खिडकीतून पाण्याचा तांब्या पुढं केला. कडूबानं हात मागं घेतला. शपथ पाण्याची नव्हती, पण शंकेला जागा कशाला ठेवा!

आणि तातेराव आले. नजर जमिनीला लावून, काठी टेकत आले, खिडकीजवळ पोचल्यावर गर्रकन वळले आणि गाडीकडं पाठ करून लिंबासमोर उभे राहिले.

"कंडक्टरबाई, गाडीत कोण हाय?" त्यांनी लिंबाला विचारलं.

"तुम्हीच बघा की."

"बघता येत न्हाई."

"डोळ्याला काय झालं?"

"डोळे चांगले हायेत. शपथ हाय."

कडूबानं घसा खाकरला. "कंडक्टरबाई, झाडासंगं बोलणाऱ्या माणसाला सांगा, मी मातीला पाय लावलेला न्हाई."

"त्यांनाबी सांगा, म्या तोंड बघितलेलं न्हाई."

वंदनाबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी तिकिटं फाडायला आले, का तुम्हा दोघांचं वकीलपत्र घ्यायला?" पब्लिक हसलं. खुर्चीवाला म्हातारा सगळ्यात जास्त हसला.

हसू ओसरल्यावर कडूबा हलक्या आवाजात म्हणाला, "त्यांना इचारा, अक्का कुठाय."

तातेराव काठीच्या टोकानं माती उकरत राहिले. "येऊन राह्यली," ते म्हणाले. "तिला टाइम लागतो."

गर्दी बाजूला झाली. द्वारकाबाई आली. वाळून खारीक झालेली, नाकात तीच नथनी. सून दैवशालानं तिचा हात धरला होता. कडूबानं खिडकीच्या गजांना तोंड लावलं, सगळं बोळकं उघडं पडेल इतका हसला. म्हातारी आता बघेल, ओळखेल, मग शिव्या घालेल, घालू दे, लई दिवसांत खाल्ल्या नाहीत. पण द्वारकाबाई ड्रायव्हरच्या दाराकडं तोंड करून उभी राहिली.

"कोणत्या खिडकीत हाय गं?" तिनं सुनेला विचारलं.

दैवशालानं वर बघितलं. "मामा, त्यांना दिसत न्हाई आता. काचबिंदू झाला. पारच गेले डोळे. तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई का?"

कोण सांगणार होतं? नाव काढलं की ताटावरून उठणाऱ्या माणसाला कोण सांगणार होतं! कडूबाचं काळीज फाटलं. तिला बघायचं, तिला बघायचं, एवढंच तो इतकी वर्षं घोकत होता. तिलाही आपल्याला बघायचं असेल, आणि त्याची वेळ निघून चालली असेल, हे त्या बैलाच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

तो कधी उठला, कधी पायऱ्या उतरला, त्याचं त्यालाही आठवत नाही. सिराजोद्दीन सांगतो, की वाटेत कुणाच्या तरी भाजीच्या पिशवीवर पाय देऊन उतरला. चपला सीटखालीच राहिल्या. अनवाणी, हिवरवाडीच्या तापल्या मातीत, कडूबा बहिणीसमोर उभा राहिला. त्यानं तिचे दोन्ही हात धरून आपल्या गालांवर ठेवले.

द्वारकाबाईनं चाचपून बघितलं. गाल, हनुवटी, वरचा ओठ. मग हात झटकन मागं घेतले.

"हा कोण आणला? माझ्या भावाला मिशा व्हत्या, ह्या एवढाल्या. ह्याला तर मिशा न्हाईत, दात न्हाईत, गालफडं बसल्यात."

"अक्का," कडूबा म्हणाला. आवाज कसला, नुसती शिट्टी निघाली.

"आन माझ्या भावाची हाक तीन शेतांवर जात व्हती!"

"कसम से, बहेनजी, कडूबाच हाय," सिराजोद्दीन कळवळून म्हणाला.

"तुम्ही कोण? मला कुणाचं सांगू नका. लग्नातबी असाच एक मामा आणून उभा केल्ता." तिनं मान वळवली, काठीच्या आवाजाच्या अंदाजानं लिंबाकडं. "अहो, तुम्ही सांगा. कडूच हाय का?"

कुणी हसलं नाही. तातेरावांची पाठ तशीच होती.

"मी बघत नसतो, तुला माहितै."

"माहितै. मला दिसलं असतं तर तुमच्या पाया पडले असते का?"

ड्रायव्हर चहा पिऊन आला होता. त्यानं हॉर्नवर हात ठेवला, तर वंदनाबाईनं त्याला डोळे वटारले. तातेरावांनी काठी दोनदा आपटली, तोंडातल्या तोंडात कुणाला तरी शिवी घातली आणि वळले. त्यांनी कडूबाच्या तोंडाकडं बघितलं. कडूबानंही बघितलं. पंगतीत वरणाची बादली घेऊन फिरणारा तो धिप्पाड माणूस कुठं गेला, त्याला कळेना.

"त्योच हाय," तातेराव म्हणाले.

"नीट बघा."

"बघितलं. त्योच हाय."

"मंग सांगा ना कसा दिसून राह्यलाय!" द्वारकाबाईचा आवाज चिरकला. "मला दिसत न्हाई, तुम्हाला तर दिसतं!"

तातेराव एक पाऊल पुढं आले, अजून एक आले, आणि कडूबाचं तोंड अगदी जवळून बघत बायकोला सांगायला लागले. "डोक्यावर केस न्हाई. भिवया पांढऱ्या झाल्यात. डाव्या डोळ्याखाली चामखीळ हाय, ती आधीपासून व्हती का?"

"व्हती," द्वारकाबाई म्हणाली. "लहानपणापासून व्हती. पुढं सांगा."