यंत्राच्या परीक्षेची दोन मिनिटं

आईची ‘दोन मिनिटं’ म्हणजे मारुतीचं शेपूट. संपता संपत नाहीत. म्हणून भोंगा शाळा सुटल्यावर थेट, आई नर्स होती त्या तातडीच्या वॉर्डातच धडकली. भोंगा हे नाव आईनंच ठेवलेलं; पोरीचा आवाजच तसा. उद्या चार वाजता तिचं शाळेत पहिलं भाषण होतं, हे आईला दहादा सांगून झालं होतं. आईनं यावं, पहिल्या रांगेत बसावं, बस्स.

“आई, उद्या—”

“दोन मिनिटं गं!”

खाटेवर एक आजोबा धापा टाकत होते. आईनं त्यांचं रक्त काढलं, दोन थेंब पट्टीत सोडले आणि पट्टी हातातल्या यंत्रात सरकवली. लॅबमध्ये तास गेला असता. हे यंत्र खाटेपाशीच सांगतं, तेही खरोखरच्या दोन मिनिटांत. तेवढा वेळ आई आजोबांचा हात धरून उभी राहिली.

“नातवंडं किती, बाबा?”

“पाच... सगळी... डोक्यावर बसलेली.”

आई हसली. पापणी न हलवता ऐकत राहिली. भोंगा त्या धरलेल्या हाताकडे बघत राहिली. आजारी माणसाचा हेवा करायचा म्हणजे हद्दच! पण तो हात...

यंत्र टुणकन वाजलं. “डॉक्टर, पोटॅशियम खूप वाढलंय!” आई ओरडली. धावपळ, इंजेक्शनं. कितीतरी वेळानं आजोबांचे ठोके ताळ्यावर आले.

“तू अजून इथेच?”

“उद्या येशील ना?”

“बघते.”

‘बघते’ म्हणजे ‘नाही’, हे भोंग्याला पाढ्यांसारखं पाठ होतं. डोळे भरलेच.

आई थबकली. मग कपाटातून एक इवलीशी कुपी काढली. “ये इकडे. ड्यूटीची पाळी बदलताना या यंत्राचीच परीक्षा घ्यावी लागते. कुपीतलं पाणी घालायचं, उत्तर बरोबर येतंय का बघायचं. ही दोन मिनिटं कुठल्याच पेशंटची नाहीत. बोल.”

पट्टी आत गेली. भोंग्यानं जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात भाषण सुरू केलं. आईनं तिचा हात धरला होता. पापणी हलत नव्हती.

टुणकन! आणि दारातून स्ट्रेचर आत आलं.

“पास झालं यंत्र,” आई निघतानाच म्हणाली. “पुढे काय गं?”

“पुढचं उद्या. शाळेत.”

आई पडद्याआड गेली. भोंग्यानं दप्तर उचललं, पण पाय निघेना.

“चार ना?” पडद्यामागून आवाज आला.

“चार!” अख्ख्या वॉर्डात भोंगा वाजला.